तिसऱ्या नंबरावर कोण

वडगावात माग सुरू असले की
माणूस ओरडूनच बोलतो.
म्हणून लाईट गेली तरी आमचा कट्टा
त्याच पट्टीत भांडत राहतो
आणि माडीवरून बोरगावे काकू म्हणतात,
अरे, माग थांबलेत. आता तरी.

संघ आमचा साधा. टेनिस बॉल, आठ ओव्हरी,
टी-शर्टवर एका ट्रॅक्टरवाल्याचं नाव
अर्धं धुऊन गेलेलं.
पण यंदा लिलाव झाला, मंगल कार्यालयात,
खुर्च्यांवर अजून लग्नाचे कपडे,
आणि आमचा ओपनर, बसू तिगडी,
अनगोळवाल्यांनी उचलला.
अकरा हजार आणि बुटांचा एक जोड.
त्या पैशात आम्ही खानापूरकडचा इनास घेतला.
डावखुरा. मुका म्हणावा इतका गप्प.
गावची शेवटची बस साडेआठला,
म्हणून रनअपच्या टोकावरही
घड्याळ बघणारा.

"गल्लीतला पोरगा विकलासा की रे,"
परशा कोकितकर पेटला.
मी म्हणालो, गेल्या साली चार डावांत नऊ धावा.
वही माझ्याकडे असते. नऊ म्हणजे नऊ.
"वही काय बघालास? वारं बघ की.
येळ्ळूरच्या मैदानात समोरनं वारं होतं चारी दिवस."
वहीत वाऱ्याचा रकाना नाही,
हे मला तेव्हा पहिल्यांदा खटकलं.
बोललो नाही.

क्रम साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहितो आम्ही.
एक, दोन लगेच ठरले. पाचाला संजू, त्यावर वाद नाही,
त्याच्या मामाचा टेम्पो आहे.
तिसऱ्याला इतक्यांदा खोडलं
की रबरानं पुठ्ठ्याला भोक पडलं.
चौदा वर्षं ती जागा परशाची.
आणि परशाचा गुडघा
दिवाळीपासून जिना चढताना वाजतो,
हे कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक, म्हणून
कुणीच गुडघा म्हणेना.
"अनुभव खाली पायजे," एकजण म्हणाला.
"शेवटाला डोकं लागतंय," दुसरा.
"आपल्याकडं फिनिशरच न्हाई."
परशा ऐकत होता, चपलेनं
जमिनीवरची कांडी पुढं-मागं करत.

तेवढ्यात बसूच आला. घर इथलंच,
जाणार कुठं. नवे बूट पायात,
हातात भडंगाचा पुडा, आपल्या रोजच्या दगडावर बसला.
आम्ही पुठ्ठा उलटा केला.
त्यानं सुलटा केला.
"तीनला इनासला पाठवा. गटारीकडची बौंड्री
डावऱ्याला जवळ पडते."
आणि तुला कसं काढायचं रे, संजूनं विचारलं.
"हेळंगिल्ला," म्हणून हसला,
आख्खा पुडा संपेपर्यंत काही बोलला नाही.
मग कागदाचा गोळा करत म्हणाला,
"पहिले दोन बॉल हळू टाका.
मला वाट बघवत न्हाई."

हे मी वहीत लिहिलं नाही.

लाईट आली. आधी कोपऱ्यावरचा माग, मग शेजारचा,
मग सगळी गल्ली धडधडू लागली.
परशानं माझ्या कानामागची पेन्सिल काढली,
वाकताना एक हात भिंतीला लावला,
आणि सातव्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं,
आडनावासकट, बँकेच्या फॉर्मवर लिहितात तसं.
काहीतरी म्हणालाही.
आवाजात ऐकू आलं नाही,
परत म्हण, असंही मला म्हणवलं नाही.

भोकाच्या बाजूला मी इनास लिहिलं.
इनास केव्हापासून हात वर करून उभा होता.
मनगटावरचं घड्याळ दाखवत होता, मग
भिंतीवरच्या फायनलच्या पोस्टरकडं बोट.
रविवार. रात्री आठ. प्रकाशझोतात.

काकू माडीवरून काय म्हणाल्या कुणास ठाऊक.
संजूनं रबर मागितलं.